कॉन्जॉइंट आणि व्हॉट्सॲप डायरीला वरून मंजुरी कशी मिळवायची?

भाजणीवाली (प्रश्न)

पुण्यातली मध्यम आकाराची खाद्यपदार्थ कंपनी आहे. थालीपीठ भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट, आंबोळीचं पीठ. वर्षातून एकदाच मोठं संशोधन होतं: पुणे, मुंबई, नाशिक मिळून ६०० घरांत जाऊन प्रश्नावली, वर चार ग्रुप डिस्कशन. अहवाल येतो, सगळे माना डोलावतात, फाइल कपाटात जाते.

यंदा दोन निर्णय अडलेत. ५०० ग्रॅमच्या जोडीला भाजणीचं २०० ग्रॅमचं पाकीट काढायचं का, आणि ५०० ग्रॅमची एमआरपी १० रुपयांनी वाढवायची का. त्यासाठी दोन नव्या गोष्टी सुचवायच्या आहेत: ऑनलाइन पॅनेलवर (सर्वेक्षणांना उत्तरं द्यायला नाव नोंदवलेले लोक) कॉन्जॉइंट, म्हणजे स्क्रीनवर वेगवेगळ्या ब्रँड-वजन-किंमतीची पाकिटं शेजारी दाखवून एक निवडायला लावायचं आणि त्या निवडींवरून कशाला किती महत्त्व ते काढायचं; आणि १० दिवसांची व्हॉट्सॲप फोटो डायरी, म्हणजे बायका रोज घरातले फोटो आणि उत्तरं पाठवतात. प्रेझेंटेशनला २० मिनिटं मिळतील. समोर मालक, विक्रीप्रमुख आणि सीएफओ (वित्तप्रमुख). येणारे आक्षेप आत्ताच पाठ आहेत:

मालक: "मोबाइलवर कोण खरं सांगतं? आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी हे जुळणार का?"
विक्रीप्रमुख: "वितरकाला फोन करा, फुकट सांगेल."
सीएफओ: "यातून परत किती मिळणार?"

कुठून सुरुवात करू?

---

आकडेमोड

ताई, पहिल्या स्लाइडवर "कॉन्जॉइंट म्हणजे काय" आलं की २० मिनिटं तिथेच संपली. पद्धतीला मंजुरी मागूच नका. निर्णय मांडा आणि तो कोणत्या आकड्यावर अडलाय ते दाखवा.

तुमचंच उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, खरे सीएफओंकडून घ्या. तेही बैठकीच्या आठवडाभर आधी, म्हणजे हिशेब त्यांचाच होतो.

किंमतवाढ: ५०० ग्रॅमच्या पाकिटामागे बदलता खर्च वजा जाता आज १८ रुपये राहतात असं धरा. एमआरपी १० ने वाढली की जीएसटी, दुकानदार आणि वितरक यांचं जाऊन कंपनीपर्यंत ७ रुपये पोचतात असं धरा. मग ७ ÷ (१८ + ७) = २८ टक्के. म्हणजे खप २८ टक्क्यांहून कमी घटला तर वाढ फायद्याची. आता खोलीतल्या प्रत्येकाला विचारा, खप किती पडेल? सगळेच "पाच, फार तर दहा टक्के" म्हणत असतील तर या प्रश्नावर संशोधनाला एक रुपयाही घालू नका. वाढवा किंमत. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत की पुढच्या वाक्याला वजन येतं.

२०० ग्रॅम: यात पाकिटामागे ६ रुपये राहतात असं धरा. जे घर ५०० चं एक घ्यायचं ते आता २०० ची दोन घेऊ लागलं, तर १८ च्या जागी १२, तोटा ६. तो भरायला नव्या गिऱ्हाइकाला एक पाकीट विकलं गेलं पाहिजे. तेच घर एकावरच थांबलं तर तोटा १२, मग दोन नवी पाकिटं लागतात. सगळा निर्णय एका गुणोत्तरावर उभा आहे: जुन्या घरांतून सरकलेल्या एका खरेदीमागे नव्या घरांत किती पाकिटं गेली. एकाहून कमी असेल तर काढू नका, दोनच्या वर असेल तर काढा, मधे असेल तर मार्जिन पुन्हा मांडा. हे गुणोत्तर ग्रुप डिस्कशनमधून निघत नाही आणि "हे पाकीट घ्याल का?" या प्रश्नातूनही नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. निवड करायला लावणारी पद्धत इथे लागते. तिचं नाव या ओळीनंतर घ्या, आधी नको.

दुसरी चूक जास्त महागात पडेल. तुम्ही एका दमात दोन बदल मागताय: प्रश्न विचारण्याची पद्धत नवी, आणि माध्यमही नवं. निकाल अनपेक्षित आला तर दोष कॉन्जॉइंटचा की ऑनलाइन पॅनेलचा, हे कोणालाच सांगता येणार नाही आणि दोन्ही एकदम बाद होतील. कॉन्जॉइंट ऑनलाइनच करावं लागतं असं कुठे आहे? तेच ६०० घरांचं फील्डवर्क, तोच टॅब, आणि शेवटी १२ स्क्रीन. मालकांचे दोन्ही आक्षेप तिथेच संपतात, कारण माणूस समोर बसून विचारतोय आणि जुने प्रश्न तसेच आहेत. मात्र जुने प्रश्न आधी, कॉन्जॉइंट सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर किंमती पाहिलेला माणूस जुन्या प्रश्नांना वेगळी उत्तरं देतो आणि मागच्या वर्षीशी तुलना खरोखरच बिघडते. १२ स्क्रीनना साधारण सहा ते आठ मिनिटं जातात, तेवढे प्रश्न जुन्या प्रश्नावलीतून काढा. कोणते, ते सोपं आहे: गेल्या तीन अहवालांत ज्यांच्यावरून एकही निर्णय झाला नाही ते.

रचना अशी ठेवता येईल. ब्रँड ४ (तुमचा, दोन स्पर्धक, बचतगटाची भाजणी), वजन ३, किंमत ४, आणखी एक गुण ३ पर्यायांचा. स्क्रीनवर तीन पाकिटं आणि चौथा पर्याय "यातलं काही नको, घरची भाजणी". हा चौथा पर्याय गाळलात तर अभ्यास फुकट, कारण तुमचा खरा स्पर्धक गिरणी आहे. १० स्क्रीन मॉडेलसाठी (निवडींवरून पुढच्या निवडीचा अंदाज बांधणारं गणित), २ राखीव. राखीव दोन सगळ्यांना सारखेच दाखवा आणि मॉडेलचा अंदाज त्यांच्यावर ताडून पाहा. मालकांना पटवायला हीच तपासणी सगळ्यात सोपी.

सँपलसाठी कॉन्जॉइंटचे तज्ज्ञ ब्रायन ऑर्म यांचं ठोकताळ्याचं सूत्र आहे: ५०० × सर्वांत जास्त पर्याय असलेल्या गुणाचे पर्याय ÷ (स्क्रीन × प्रत्येक स्क्रीनवरची पाकिटं, "नको" सोडून). म्हणजे ५०० × ४ ÷ (१० × ३) = ६७. हा अगदी खालचा तळ झाला. वेगळा निष्कर्ष ज्या गटासाठी हवाय त्या प्रत्येकात २०० धरा. विकतची भाजणी वापरणारे २००, घरी करणारे २००. तुमच्या ६०० मध्ये आरामात बसतं.

हमखास चुकतं ते इथे: किंमत वजनाला बांधलेली नसते, म्हणून एक किलो ४५ रुपयांना आणि २०० ग्रॅम ११० ला अशी पाकिटं समोर येतात. बाई हसते आणि पुढचे आठ स्क्रीन न वाचता दाबते. प्रत्येक वजनाला त्याच्या स्वतःच्या चार किंमती द्या. आणि सिम्युलेटरमधून (मॉडेलवरून कोणतं पाकीट किती जण निवडतील ते मांडणारं साधन) आलेला वाटा हा विक्रीचा अंदाज म्हणून चुकूनही दाखवू नका. त्यात सगळ्या ब्रँडांची सगळ्यांना ओळख आहे आणि सगळे सगळ्या दुकानांत मिळतात असं गृहीत असतं. तुम्ही "१८ टक्के" म्हणालात आणि प्रत्यक्षात ६ आले, की पुढची पाच वर्षं कॉन्जॉइंट हा शब्द त्या ऑफिसात काढायची सोय नाही.

---

जमाखर्च

सीएफओंच्या बाजूने थोडं. "संशोधनाचा परतावा" असा आकडा कोणी दिला की तो कुठून आणला हे कळतंच, त्यामुळे तो देऊ नका. वर दिलंय तसा निर्णयाचा ताळेबंद द्या, आणि चुकीचा निर्णय उलटवायला काय लागेल ते शेजारी लिहा: छापून पडलेला पाकिटांचा रोल, पॅकिंग मशीनचे बदललेले सुटे भाग, वितरकांकडून परत आलेला माल. ही बेरीज त्यांच्याच वहीत असते.

नवीन बजेट मागू नका. चारपैकी दोन ग्रुप डिस्कशन काढा आणि ते पैसे इकडे वळवा. एकूण रक्कम तीच राहिली तर मंजुरीची पायरी अनेकदा एकने खाली येते, मालकांच्या सहीचीही गरज पडत नाही. एजन्सीचं बिल तीन टप्प्यांत बांधा: प्रश्नावली आणि ३० घरांची चाचणी, मग फील्डवर्क, मग निकाल. चाचणीनंतर थांबायची मुभा करारात लिहून घ्या. "थांबता येतं" हे दोन शब्द फायनान्सला फार आवडतात.

---

गेटपास

फील्डच्या बाजूने. मालकांना ६०० घरांच्या सर्व्हेवर जो भरवसा आहे तो आधी तपासा. वाद न घालता.

घरोघरच्या पाहण्या पुण्याला नव्या नाहीत. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची, आणि धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली ती दारोदार जाऊनच. पण तेव्हा वाड्याचं दार ढकललं की आत जाता यायचं. आज वाकड, बाणेर, खराडीच्या सोसायट्यांत गेटवरचा माणूस ॲपवर फ्लॅट नंबर विचारतो आणि सर्वेक्षक तिथूनच परततो. मग कोटा कुठे भरतो? बैठी घरं, वॉचमन नसलेल्या जुन्या इमारती, पेठांतले उरलेले वाडे. म्हणजे ज्या घरांत दोघंही नोकरीला आणि तयार पिठं जास्त खपण्याची शक्यता, तीच घरं गळतात.

एजन्सीकडून मागच्या वर्षीची संपर्क नोंद मागवा. किती दारं गाठली, किती गेटवर अडली, किती बंद, किती नकार, किती अपात्र, किती पूर्ण. एरियाप्रमाणे. नोंद नसेल तर तेच सांगा. तुमच्या २० मिनिटांतली सगळ्यात जोरदार स्लाइड ती असेल.

सँपल कमी करायचं म्हटलंत तर "६०० च्या जागी ४०० कसे चालतील?" असं विचारलं जाणारच. अर्ध्या लोकांनी हो म्हटलं तर ६०० वर चूक चार टक्के इकडेतिकडे, ४०० वर ४.९. फरक एवढाच. कोण निसटलं हे त्याहून महत्त्वाचं. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपचं सँपल ५० हजारांच्या घरात होतं आणि त्याचा कौल बरोबर निघाला. २४ लाख चुकले ते यादीमुळे: फोन आणि मोटार असलेले लोक, त्यातही उत्तर द्यायची हौस असलेले.

नंतर ऑनलाइनकडे जायचं असेल तर एक वर्ष दोन्ही शेजारी शेजारी चालवा आणि आधीच सांगून ठेवा की आकडे जुळणार नाहीत. माणूस समोर असला की लोक "खूप आवडलं" जास्त म्हणतात, मोबाइलवर हात आखडता घेतात. ऑनलाइनवर "खूप आवडलं" या पहिल्या पर्यायाचे टक्के खाली आले तर ब्रँड बुडाला असं नव्हे. आणि ६०० विरुद्ध ६०० असताना साधारण पावणेसहा टक्क्यांच्या आतला फरक फरकच नाही. ६०० विरुद्ध २०० असेल तर आठ टक्क्यांच्या आतला. हे दोन आकडे बैठकीआधी कागदावर द्या, नाहीतर कोणीतरी तीन टक्क्यांवरून अर्धा तास घालवेल. एजन्सी घरांची सामाजिक-आर्थिक वर्गवारी कोणती लावते तेही विचारा. जुना अभ्यास २०११ च्या एनसीसीएसवर (शिक्षण आणि घरातल्या ११ वस्तू) आणि नवा आयएसईसीवर (कमावत्याचा व्यवसाय आणि घरातल्या स्त्री-पुरुषांचं शिक्षण) असेल तर "ए वर्ग" या शब्दाचा अर्थच बदललेला असतो. घरच्या वस्तूंचे प्रश्न आणखी एक वर्ष चालू ठेवा, दोन्हीकडे मांडता येईल.

आता डायरी. ती आकड्यांसाठी नसते हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे "२४ बायकांवरून काय कळणार" हा प्रश्न येत नाही. २४ पूर्ण हव्या असतील तर ३६ घ्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळती लागते. मानधन दोन हप्त्यांत: पाचव्या दिवशी एक, शेवटी दुसरा आणि तो मोठा. दिवसाला दोनच कामं, त्यातलं एक फोटोचं. व्हॉट्सॲप ग्रुप कधीच नको. एकमेकींचे नंबर दिसतात, आणि पहिलीने ताटाभोवती रांगोळी काढून फोटो टाकला की बाकीच्या २३ तेच करतात. एकेकीशी स्वतंत्र चॅट ठेवा.

फोटो कशाचा मागायचा यातच सगळं आहे. "पाकिटाचा फोटो पाठवा" म्हटलंत तर दुकानातून आणलेलं कोरं पाकीट येईल. "भाजणी आत्ता जिथे ठेवलीय तिथला फोटो, काही न हलवता" असं म्हणा. मग स्टीलचा डबा दिसेल, आत अर्ध्यावर भाजणी, वर वाटी, आणि पाकीट कापून कचऱ्यात गेलेलं. ब्रँड त्या घरात पहिल्या दिवशीच संपलेला असतो. डब्यात गिरणीची आणि विकतची एकत्र ओतलेलीही सापडेल. प्रश्नावलीत हीच बाई "विकतची वापरते" किंवा "घरची वापरते" यांपैकी एकच खूण करते. असा एक फोटो मालकांनी पाहिला की २०० ग्रॅमच्या पाकिटाला पुन्हा बंद करायची पट्टी हवी का, हा प्रश्न तेच विचारतील.

वेळ सांभाळा. श्रावणात किंवा नवरात्रात डायरी लावू नका, उपवासाच्या भाजणीने सगळं चित्र वाकडं होतं. संमती लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हेतू स्पष्ट सांगणं, आणि संमती दिली तितक्याच सहज मागे घेता येणं अपेक्षित आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, तेव्हा मुलांचे चेहरे फोटोत नकोच. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींची आहे. हे सीएफओ विचारायच्या आत तुम्हीच सांगा.

---

रविवारपेठी

कॉन्जॉइंट वगैरे ठीक, पण मालक दुकानदारी समजणारे असतील तर दुकानातली चाचणी त्यांना लवकर पटेल. १२ दुकानं, दोन-दोनच्या सहा जोड्या, खप आणि वस्ती साधारण सारखी. प्रत्येक जोडीतल्या एकात २०० ग्रॅम ठेवा, दुसऱ्यात नाही. आठ आठवडे, दर आठवड्याला मोजणी: सुरुवातीचा साठा + आलेला माल − शिल्लक. मोजायला जाणारा विक्रीखात्याचा नको.

बिघडतं ते असं: दुकानदार नवीन पाकीट गल्ल्याजवळ मांडतो, म्हणून खप फुगतो. जागा ठरवून द्या आणि दर आठवड्याला तिचा फोटो घ्या. पहिले दोन आठवडे नवलाईचे, ते वेगळे काढा. माल संपून रिकामे गेलेले दिवस लिहा, नाहीतर "खप नाही" आणि "माल नाही" यात फरक राहत नाही.

किंमतीची चाचणी मात्र अशी करू नका. हुबेहूब त्याच पाकिटावर दोन ठिकाणी दोन एमआरपी छापणं वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत अडचणीचं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने, जानेवारी २०१८ पासून, ते स्पष्ट झालं. वकिलांना दाखवल्याशिवाय एक रोलही छापू नका.

---

आकडेमोड

दुकानचाचणीला माझीही हरकत नाही, पण त्यासाठी २०० ग्रॅमचं पाकीट आधी तयार असावं लागतं. रोल, छपाईचे सिलिंडर, मशीन सगळं. क्रम असा: आधी कॉन्जॉइंटने सहा-सात पर्यायांतून एक निवडा, मग त्या एकाची १२ दुकानांत चाचणी. मालकांना हा क्रम दाखवला तर कॉन्जॉइंट हे दुकानचाचणीचा खर्च वाचवणारं साधन दिसतं, दुकानदारीला पर्याय म्हणून नव्हे.

---

वसुलीवाला

विक्रीप्रमुखांबद्दल कोणी बोललंच नाही, आणि प्रस्ताव तिथेच मरतो.

वितरक जे सांगतो ते खोटं नसतं, पण तो गोदामातून काय गेलं ते सांगतो, घरात काय शिजलं ते नाही. महिनाअखेरीला टार्गेटसाठी भरलेला माल त्याच्या आकड्यात खप म्हणून दिसतो. हे विक्रीप्रमुखांना तुमच्याहून जास्त माहीत आहे, त्यामुळे बैठकीत हे बोलून दाखवू नका. अपमान होतो.

त्याऐवजी वितरकांचं मतच प्रस्तावात घ्या. पाच वितरकांना एकच प्रश्न: २०० ग्रॅम आलं तर ५०० चा खप किती टक्के पडेल? पाच आकडे एका ओळीत लिहा. ते एकमेकांपासून जितके लांब, तितकं काम सोपं.

फील्डवर्क सुरू व्हायच्या आधी मालक, विक्रीप्रमुख, सीएफओ आणि तुम्ही, चौघांनी आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात टाका. निकालानंतर "हे तर आम्हाला माहीतच होतं" असं म्हणायची सवय सगळीकडे असते, त्यावर हाच उतारा. निकाल कुठल्या आकड्यावर आला तर काय करायचं, तेही त्याच कागदावर. आणि टॉपलाइन (निकालाचे पहिले ठळक आकडे) हाती आली की बैठकीच्या आदल्या दिवशी विक्रीप्रमुखांना एकट्यांना दाखवा. सर्वांसमोर त्यांना धक्का बसला तर ते सँपलवर तुटून पडतील.

---

भाजणीवाली

खूप उपयोगी. ऑनलाइन पॅनेल यंदा बाजूला ठेवते, कॉन्जॉइंट टॅबवर, डायरी पुण्यातच. दोन शंका. एक, मालकांच्या चिरंजीवांनी "एआयने खोटे ग्राहक बनवून विचारता येतं, फील्ड कशाला" असं सुचवलंय. त्यांना काय सांगू? दुसरं, अंदाजांचा लिफाफा ठेवायचा कोणी? माझ्याकडे असला तर उद्या माझ्यावरच येईल.

---

आकडेमोड

चिरंजीवांना नाही म्हणू नका, काम द्या. प्रश्नावलीतले गोंधळाचे शब्द, सुटलेले पर्याय, लांबलेले प्रश्न काढायला ते साधन चांगलं आहे. पाकिटांचा वाटा काढायला नाही, कारण स्टीलच्या डब्यात गिरणीची आणि विकतची भाजणी एकत्र असते हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. अंदाज हवाच असेल तर त्यांच्या एआयचा आकडाही त्याच लिफाफ्यात टाका. पाचवी चिठ्ठी.

---

जमाखर्च

लिफाफा हिशेब खात्याच्या तिजोरीत. जोडावर चौघांच्या सह्या, तारीख, आणि आवक रजिस्टरला नोंद. उघडायचा दिवसही आत्ताच ठरवा: टॉपलाइनच्या बैठकीत, पहिली स्लाइड लावायच्या आधी.